खडखडाट कुठल्या देशाचा?

१९८१ सालापासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारगाडीला सतरा अक्षरा-अंकांचा एक क्रमांक दिलेला असतो. समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात तो बाहेरूनही वाचता येतो. त्यातले पहिले चिन्ह गाडी कोणत्या देशात बनली ते सांगते. १ असेल तर अमेरिका, २ असेल तर कॅनडा, ३ असेल तर मेक्सिको आणि 'जे' हे इंग्रजी अक्षर असेल तर जपान. १९८० च्या दशकात जपानी कंपन्या अमेरिकेतच कारखाने काढू लागल्या, तेव्हा काही चोखंदळ गिऱ्हाइके गाडी घेताना आधी वाकून हे पहिले चिन्ह बघत. 'जे' दिसला की समाधान. १ दिसला की शंका : ही इथेच जोडलेली दिसते, म्हणजे वर्षभरात हिचा डॅशबोर्ड वाजायला लागणार!

आपल्यालाही हा विचार अगदी परका नाही. १९८३ च्या डिसेंबरात गुडगावच्या कारखान्यातून पहिली मारुती ८०० बाहेर पडली. सुरुवातीच्या गाड्यांचे बरेचसे भाग जपानहून येत. पुढे ते भाग भारतातच बनू लागले. "ती पहिली मारुती वेगळीच होती" असे सांगणारे मालक अजूनही भेटतात. परदेशी बनावटीवरचा विश्वास आणि परदेशी बनावटीचा राग या दोन्ही भावना मोटारमालकांच्या मनात शंभर वर्षांहून अधिक काळ नांदत आल्या आहेत.

मग खडखडाटाला खरोखरच देश असतो का? हा प्रश्न विज्ञानाच्या वर्गात घेण्याजोगा आहे. यात कंपने आहेत, मोजमाप आहे, संख्याशास्त्र आहे. शिवाय इतिहासाने एकदा या प्रश्नावर जवळजवळ प्रयोगच करून दाखवला आहे. कारखाना तोच, बहुतेक कामगार तेच आणि फक्त कामाची पद्धत वेगळी, असा तो प्रयोग होता. तो समजून घेण्यासाठी आधी खडखडाट म्हणजे काय ते पाहू.

आवाज होतो कसा?

गाडीतल्या नको त्या आवाजांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिला खडखडाट. शेजारशेजारच्या दोन वस्तूंमध्ये थोडी फट असते, दोन्ही हलतात आणि पुन्हा पुन्हा एकमेकींवर आपटतात. दुसरी करकर. इथे वस्तू एकमेकींना चिकटून असतात, पण घासतात. थोडा वेळ घर्षणाने अडकायचे, ताण वाढला की एकदम सुटायचे, पुन्हा अडकायचे, असे सेकंदाला शेकडो वेळा होते. दाराची बिजागरी याच कारणाने कुरकुरते आणि व्हायोलिनची तारही याच कारणाने वाजते.

खडखडाटाला किती हालचाल पुरते? एक सोपे गणित करू. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक नाणे सुटे पडले आहे. कप्पा वरखाली कंप पावतो आहे. कप्प्याचे खाली जाणारे त्वरण गुरुत्वत्वरणापेक्षा जास्त झाले, की नाणे मागे पडते, म्हणजेच कप्प्याचा तळ सोडते आणि पुन्हा येऊन आपटते. साध्या आवर्त गतीत कमाल त्वरण म्हणजे कोनीय वारंवारतेचा वर्ग गुणिले आयाम. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांनी नुसते चालू ठेवले, तर सेकंदाला १५ फेऱ्या होतात. दर फेरीत दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे सेकंदाला ३० धक्के. या वारंवारतेला गणित केल्यास उत्तर येते साधारण ०.२८ मिलिमीटर. पाव मिलिमीटरहून जरा जास्त थरथर झाली, की नाणे वाजू लागते! याच कप्प्याचा कंप सेकंदाला १० वेळा असता, तर मात्र अडीच मिलिमीटर हालचाल लागली असती.

एसटीत बसणाऱ्या प्रत्येकाने याचे दुसरे अंग अनुभवले आहे. गाडी स्थानकात उभी असते, इंजिन चालू असते आणि खिडक्यांच्या काचा कानठळ्या बसतील अशा वाजत असतात. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर दाबला, की आवाज एकदम थांबतो. उभ्या गाडीच्या इंजिनाचे धक्के आणि खिडकीच्या चौकटीची स्वाभाविक वारंवारता जवळपास जुळते, तेव्हा अनुनादामुळे कंप वाढतो. इंजिनाची गती वाढली, की ती जुळणी मोडते.

तापमानाचाही हात असतो. पोलादाचा एक मीटर लांबीचा तुकडा ३० अंश सेल्सिअसने तापला, तर सुमारे ०.३६ मिलिमीटर वाढतो. डॅशबोर्डसाठी वापरतात तसली प्लॅस्टिके त्याच्या पाच ते आठपट वाढतात, म्हणजे दोन मिलिमीटर किंवा अधिक. दोन्ही एकमेकांना स्क्रूने जखडलेली असतात. म्हणून एखादी गाडी थंडीत सकाळी वाजते आणि दुपारी गप्प होते.

शेवटचा भाग ऐकणाऱ्या कानाचा. मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो. १९५८ साली रोल्स-रॉइसने एक जाहिरात केली होती. तिचा आशय असा, की ताशी साठ मैलांच्या वेगाला या गाडीत सर्वांत मोठा आवाज येतो तो विजेच्या घड्याळाचा. जाहिरात म्हणून ती चतुर होतीच, पण त्यात ध्वनिशास्त्रही आहे. इंजिन जितके शांत, तितका बारीक आवाज ठळक. विजेवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये इंजिनाचा आवाजच नसल्याने खडखडाटाची तक्रार पुन्हा नव्याने पुढे आली आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : दोन भागांमधली फट. ती आराखड्यात ठरवली तेवढीच प्रत्येक गाडीत राहील का? इथून इतिहास सुरू होतो.

कानस लागू नये म्हणून

सुरुवातीच्या मोटारगाड्या कारागीर बनवत. दोन भाग जुळले नाहीत, तर कानशीने घासून जुळवत. त्यामुळे प्रत्येक गाडी आपल्यापुरती चांगली बसवलेली असे, पण एकीचा भाग दुसरीला चालत नसे. हे काम महाग होते. शिवाय भाग झिजला, की नवा भाग पुन्हा हाताने घासून बसवावा लागे.

१९०८ साली लंडनमध्ये कॅडिलॅक या अमेरिकन कंपनीच्या विक्रेत्याने रॉयल ऑटोमोबाइल क्लबकडे एक आव्हान घेतले. इंग्रज गिऱ्हाइकांचे अमेरिकन गाड्यांबद्दल मत बरे नव्हते. स्वस्त, परदेशी माल अशीच त्यांची ओळख होती. क्लबच्या माणसांनी विक्रेत्याच्या साठ्यातून तीन गाड्या निवडल्या, ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मैदानावर चालवून पाहिल्या आणि मग पूर्ण सुट्या केल्या. तिन्हींचे भाग एकत्र मिसळले. त्यातले ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी दुकानातल्या साठ्यातले भाग आणले. या ढिगातून मेकॅनिकांनी पान्हे आणि स्क्रू-ड्रायव्हर एवढ्यावर तीन गाड्या पुन्हा उभ्या केल्या. कानस वापरायला बंदी होती. त्या गाड्या मग ५०० मैल धावल्या. त्याबद्दल कॅडिलॅकला ड्युअर ट्रॉफी मिळाली.

यामागचा माणूस हेन्री लेलँड. तरुणपणी तो बंदुकांच्या कारखान्यात आणि नंतर मोजमापाची अवजारे बनवणाऱ्या ब्राउन अँड शार्प या कंपनीत काम करून आला होता. सुटे भाग एकसारखे करण्याची विद्या बंदुकांच्या कारखान्यांतूनच मोटारींकडे आली.

दुसरा माणूसही शस्त्रांच्याच कारखान्यातला. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सनने १८९६ साली एक कल्पना मांडली. अचूक जाडीचे पोलादी ठोकळे बनवायचे आणि ते एकमेकांना जोडून हवे ते माप तयार करायचे. त्याच्या १०२ ठोकळ्यांच्या संचातून १ ते २०१ मिलिमीटरपर्यंतचे प्रत्येक माप ०.०१ मिलिमीटरच्या पायरीने मिळते, म्हणजे सुमारे २०,००० मापे. ठोकळ्यांचे पृष्ठभाग इतके सपाट असतात, की दाबून सरकवले की ते एकमेकांना चिकटून बसतात. १९२३ मध्ये योहान्सन फोर्ड कंपनीत दाखल झाला. दोन वेगळ्या शहरांतल्या, पुढे दोन वेगळ्या देशांतल्या कारखान्यांना "दहा मिलिमीटर" या शब्दांचा एकच अर्थ लागणे या ठोकळ्यांमुळे शक्य झाले.

अधिक-उणेची बेरीज

कोणताही भाग तंतोतंत मापाचा बनत नाही. म्हणून आराखड्यात "अमुक मिलिमीटर, अधिक-उणे तमुक" असे लिहितात. या अधिक-उण्याला कारखान्यात टॉलरन्स म्हणतात. भाग त्या हद्दीत असला तर पास, बाहेर गेला तर नापास.

आता समजा, दार आणि चौकट यांच्यातली फट नऊ भागांच्या मापांवर अवलंबून आहे आणि प्रत्येकाचा टॉलरन्स अधिक-उणे ०.३ मिलिमीटर आहे. सगळे भाग एकाच बाजूला झुकले, तर फटीत २.७ मिलिमीटरचा फरक पडेल. पण चुका खरोखर यदृच्छ असतील, काही अधिक आणि काही उणे, तर त्या बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. अशा वेळी वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात. नऊचे वर्गमूळ तीन. म्हणजे फरक साधारण ०.९ मिलिमीटरच्या आत राहील. प्रत्येक भागाचा विखुरणा एक-तृतीयांशावर आणला, तर फटीचा फरक ०.३ मिलिमीटरवर येईल.

यातला मुद्दा नीट पाहा. नऊच्या नऊ भाग तपासणीत पास झाले, तरी गाडी वाजू शकते! साचा झिजला असेल, तर त्यातून निघणारे सगळे भाग हद्दीच्या आत पण एकाच कडेला असतात. मग चुका खोडल्या जात नाहीत, साचत जातात.

याचे गाजलेले उदाहरण फोर्डचे आहे. १९७९ पासून फोर्डची जपानच्या माझ्दा कंपनीत भागीदारी होती. १९८० च्या दशकात फोर्डच्या गाड्यांचा एकच गिअरबॉक्स, एकाच आराखड्यावरून, अमेरिकेत फोर्ड आणि जपानमध्ये माझ्दा बनवत असे. जपानी बनावटीच्या गिअरबॉक्सबद्दल तक्रारी कमी येत आणि तो आवाजही कमी करी. फोर्डच्या अभियंत्यांनी दोन्हीकडचे नमुने उघडून मोजले. फोर्डचे भाग आराखड्याप्रमाणे बरोबर होते. दिलेल्या टॉलरन्सपैकी साधारण ७० टक्के भागात ते पसरले होते. माझ्दाचे भाग मात्र जेमतेम २७ टक्क्यांत मावत होते. गुणवत्तेच्या पाठ्यपुस्तकांत सांगतात, की मोजणाऱ्याला आधी आपले उपकरणच बिघडले असे वाटले, कारण एकामागून एक भागांचे माप बदलतच नव्हते.

फोर्डने विचारले होते, "भाग हद्दीत आहे ना?" माझ्दाने विचारले होते, "भाग मध्याच्या किती जवळ आहे?" ही दुसरी दृष्टी जपानमध्ये उपजत होती का? मुळीच नाही. १९२४ साली अमेरिकेत वॉल्टर श्यूहार्टने टेलिफोनच्या उत्पादनासाठी नियंत्रण-तक्ता सुचवला. यंत्रातून निघणाऱ्या मापांचे नेहमीचे हेलकावे कोणते आणि काहीतरी बिघडल्याची खूण कोणती, हे या तक्त्यावरून ओळखता येते. तोच विचार पुढे नेणारे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानी अभियंत्यांना आणि कारखानदारांना व्याख्याने दिली. जपानने १९५१ मध्ये त्यांच्या नावाने पारितोषिक सुरू केले. श्यूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतातही आले होते. महालनोबिसांच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेने त्यांना बोलावले होते. मात्र बीज एकाच सुमारास पडूनही आपल्या कारखान्यांत ते रुजायला बराच काळ गेला. सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक विभागाला डेमिंग पारितोषिक मिळाले १९९८ साली, महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला २००३ साली.

आणि खुद्द जपानी गाड्या? १९५७ मध्ये टोयोटाने आपली टोयोपेट क्राउन ही गाडी अमेरिकेत नेली. ती जपानच्या कच्च्या, अरुंद रस्त्यांसाठी घडवलेली होती. अमेरिकेच्या महामार्गांवरच्या वेगाला तिचे इंजिन दमे, गाडी थरथरे. १९६० च्या अखेरीस कंपनीने तिची निर्यात थांबवली. म्हणजे जपानी गाडी म्हणजे खडखडणारी गाडी, असे म्हणण्याचा अधिकार तेव्हाच्या अमेरिकन माणसाला होता!

हातोडे आणि हत्या

वीस वर्षांत पारडे फिरले. तेल महागले, कमी पेट्रोल पिणाऱ्या जपानी गाड्या खपू लागल्या आणि अमेरिकन कारखाने बंद पडू लागले. १९८१ मध्ये जपानने अमेरिकेच्या दबावाखाली आपली निर्यात वर्षाला १६ लाख ८० हजार गाड्यांवर मर्यादित केली. मोटार कामगार आपला राग दाखवायला जाहीरपणे जपानी गाड्या हातोड्यांनी फोडत. संघटनेच्या वाहनतळावर परदेशी गाड्या उभ्या करायला मनाई असे.

हा राग गाड्यांपुरता राहिला नाही. १९८२ च्या जूनमध्ये डेट्रॉइटजवळ व्हिन्सेंट चिन या २७ वर्षांच्या तरुणाला दोघांनी बेसबॉलच्या बॅटने मारहाण केली. त्यातच चार दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. मारणाऱ्यांपैकी एक क्रायस्लर कंपनीत पर्यवेक्षक होता आणि दुसरा, त्याचा सावत्र मुलगा, कामावरून कमी झालेला मोटार कामगार. तुमच्यासारख्यांमुळे आमच्या नोकऱ्या गेल्या, असे त्यांच्यातला एक जण म्हणाल्याची साक्ष झाली. चिन जपानी नव्हता. तो चिनी वंशाचा अमेरिकन होता. दोघांना तुरुंगवास झाला नाही. दंड आणि देखरेख यांवर ते सुटले. वस्तूच्या दोषाचा किंवा गुणाचा पत्ता माणसाच्या वंशात शोधला, की काय होते ते या घटनेत दिसते.

फ्रीमाँटचा प्रयोग

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावी जनरल मोटर्सचा गाड्या जोडण्याचा मोठा कारखाना होता. त्याची कीर्ती वाईट होती. अनेक दिवस पाचातला एक कामगार गैरहजर असे. व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात हजारो तक्रारी पडून असत. काहीही झाले तरी गाड्यांची रांग थांबवायची नाही, हा नियम होता. चुकीचा भाग बसला तरी गाडी पुढे जाई आणि शेवटी अंगणात उभी राहून दुरुस्त होई. या कारखान्याच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. चिडलेले कामगार दाराच्या पोकळीत कोका-कोलाची रिकामी बाटली किंवा सुटे बोल्ट टाकून वरून आच्छादन बसवत. हेतू एवढाच, की गाडी वाजावी आणि गिऱ्हाईक वैतागावे.

१९८२ मध्ये हा कारखाना बंद झाला. १९८३ मध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी करार केला, की तो दोघांनी मिळून चालवायचा. नव्या कंपनीला नुम्मी म्हणत. व्यवस्थापन टोयोटाचे. संघटनेला मान्यता राहिली आणि सुरुवातीच्या कामगारांपैकी सुमारे ८५ टक्के जुन्या कारखान्यातलेच घेतले. चारशेहून जास्त जणांना जपानला टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात पाठवून काम शिकवले. डिसेंबर १९८४ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली.

नव्या पद्धतीतला सर्वांत लक्षणीय भाग म्हणजे रांगेच्या कडेने जाणारी एक दोरी. काही चुकतेय असे वाटले, की कोणत्याही कामगाराने ती ओढायची. गटप्रमुख धावत येई. मिळालेल्या वेळात दोष निघाला नाही, तर रांग थांबे. या कल्पनेचे मूळ मोटारीत नाही, मागात आहे. टोयोटाच्या संस्थापकाचे वडील साकिची टोयोडा यांनी १९२४ साली एक स्वयंचलित माग पुरा केला. धागा तुटला की तो आपोआप थांबे, त्यामुळे सदोष कापडाचे वारच्या वार विणले जात नसत. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क विकत घेतले. मुंबईच्या गिरण्यांना यंत्रे पुरवणारी तीच ही प्लॅट कंपनी.

दुसरी गोष्ट भरवशाची. नोकरी जाणार नाही, असे कंपनीने करारात म्हटले होते. १९८८ च्या सुमारास खप घसरला आणि कारखान्याचे बरेचसे काम थांबले, तेव्हा कामगारांना काढले नाही. त्यांना प्रशिक्षण दिले, यंत्रांची देखभाल करवली. दोष दाखवला तर आपल्यावरच शेकेल, अशी भीती असलेला माणूस दोरी ओढत नाही.

निकाल काय लागला? मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी १९८६-८७ मध्ये तीन कारखान्यांची तुलना केली. जनरल मोटर्सच्या फ्रॅमिंगहॅम कारखान्यात एक गाडी जोडायला ३१ तास लागत, ताकाओकात १६, नुम्मीत १९. जोडणीतले दोष दर १०० गाड्यांमागे फ्रॅमिंगहॅममध्ये १३० च्या आसपास, ताकाओकात ४५ आणि नुम्मीतही ४५. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली.

ज्या हातांनी दारात बाटल्या टाकल्या, बहुतांशी त्याच हातांनी आता जपानच्या बरोबरीच्या गाड्या जोडल्या. खडखडाटाला देश असता, तर हे घडले नसते.

एकच गाडी, दोन नावे

मोटारमालकांनी मात्र हा निष्कर्ष मान्य केला नाही. नुम्मीच्या रांगेवर शेव्हरले नोव्हा बने आणि १९८६ पासून टोयोटा कोरोलाही. नोव्हाच्या जागी १९८९ मध्ये प्रिझम आली. आतून या गाड्या जवळपास एकच होत्या. तरीही कोरोला जास्त खपे आणि जुनी झाल्यावर तिला भावही जास्त मिळे. म्हणजे "परदेशी चांगले" म्हणणाऱ्याला शेव्हरलेचे नाव खटके आणि "आपलेच घ्यावे" म्हणणाऱ्याला जपानी घाट. चिन्ह आणि क्रमांक वाचणे सोपे असते. आतली फट मोजणे अवघड.

अर्थात हा प्रयोग पूर्ण शुद्ध नव्हता. जुने सगळेच कामगार परत आले नव्हते, गाडीचा आराखडा बदलला होता आणि भागही बरेच जपानहून येत. काही कामगार अभ्यासकांनी या पद्धतीवर टीकाही केली : माणसाला श्वास घ्यायला उसंत न ठेवता, सतत ताणाखाली ठेवून हा कारखाना चालतो, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय पद्धत उचलून दुसरीकडे नेणे सोपे ठरले नाही. जनरल मोटर्सने कॅलिफोर्नियातल्याच व्हॅन नाइज कारखान्यात ती लावायचा प्रयत्न केला, पण तिथे विश्वासच निर्माण झाला नाही आणि १९९२ मध्ये तो कारखाना बंद झाला. ज्या टोयोटाने हे शिकवले, तिलाही २००९-१० मध्ये लाखो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. नुम्मी २०१० च्या एप्रिलमध्ये बंद पडली. पुढे तीच इमारत टेस्लाने घेतली.

पण मोजमापाचा धडा वाया गेला नाही. १९९२ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या सहभागाने जनरल मोटर्स आणि क्रायस्लरच्या कारखान्यांत "दोन मिलिमीटर कार्यक्रम" सुरू झाला. गाडीच्या सांगाड्याच्या मापांतला एकूण विखुरणा दोन मिलिमीटरच्या आत आणायचा, एवढेच ध्येय होते. जपानी कारखान्यांनी ते आधी गाठले होते. दारे नीट बसणे, पाणी न गळणे, वारा न शिट्ट्या मारणे हे सारे या दोन मिलिमीटरवर अवलंबून होते. लेसर किरणांनी प्रत्येक सांगाडा मोजायचा, विखुरणा कुठल्या साच्यापासून सुरू होतो ते शोधायचे आणि तिथेच दुरुस्ती करायची, ही रीत होती.

खडखडाट शोधताना

मालकाला घरच्या घरीही हीच रीत वापरता येते. आवाज केव्हा येतो ते आधी लिहून काढावे : उभ्या गाडीत की चालत्या, कोणत्या वेगाला, थंडीत की उन्हात, ब्रेक लावल्यावर की वळणावर. उभ्या गाडीत येत असेल, तर कारण इंजिनाच्या कंपनांशी जोडलेले. फक्त खड्ड्यात येत असेल, तर चाकांकडून. मग सुटे सामान, जॅक, स्टेपनी, कप्प्यातली नाणी सगळे बाहेर काढावे. पुढे एका वेळी एकाच ठिकाणी हाताने दाबून धरावे. आवाज थांबला तर ठिकाण सापडले. गाडी दुसऱ्याने चालवावी, म्हणजे शोधणाऱ्याचे लक्ष आवाजाकडे राहते. माझ्या एका जुन्या गाडीत मागून येणारा आवाज असाच शोधत गेलो, तर तो समोरच्या पट्ट्याच्या बकलाचा निघाला. बंद डब्यात आवाज भिंतींवरून परततो आणि कान फसतो.

उपाय तीनच प्रकारचे. फट बंद करा, म्हणजे स्क्रू आवळा. आपटणे मऊ करा, म्हणजे मध्ये फेल्ट किंवा रबराची पट्टी घाला. कंप शोषून घ्या, म्हणजे पातळ पत्र्याला जड, मऊ थर चिकटवा. सारखा एकाच जागी स्क्रू आवळावा लागत असेल, तर खरे कारण दुसरीकडे आहे असे समजावे.

वर्गात करण्यासाठी

नऊ विद्यार्थ्यांना प्रत्येकी १० सेंटिमीटरची पुठ्ठ्याची पट्टी मोजून कापायला सांगा. नऊ पट्ट्या टोकाला टोक लावून एकूण लांबी मोजा. ९० सेंटिमीटरपासून किती फरक पडला? तो सगळ्यांच्या चुकांच्या बेरजेइतका क्वचितच असेल. आता एकाच, किंचित लांब कापलेल्या पट्टीवरून सर्वांना आखून कापायला सांगा आणि पुन्हा मोजा. झिजलेला साचा काय करतो ते मुलांना न सांगता कळेल.

शाळेच्या आवारातल्या गाड्यांच्या आरसी बुकात चासी क्रमांक असतो. भारतात बनलेल्या गाड्यांचा क्रमांक बहुधा इंग्रजी 'एम' अक्षराने सुरू होतो. मुलांनी तो शोधावा, आणि मग मालकाला विचारावे, की गाडी वाजते का आणि कशामुळे वाजते असे त्याला वाटते. उत्तरांत कंपनीचे नाव किती वेळा येते, देशाचे किती वेळा आणि स्क्रूचे किती वेळा, याची नोंद करून त्याचा तक्ता फळ्यावर मांडता येईल.